पोच्याचा कंदील

आमच्या कंदिलाच्या कारखान्यात हजेरीच्या चार याद्या होत्या आणि चारही मी ठेवत असे. पहिली कचेरीतल्या लोकांची, दुसरी यंत्रावरच्या कामगारांची, तिसरी डाख देणाऱ्या आणि काचा बसवणाऱ्या बायकांची, आणि चौथी 'इतर'. 'इतर'मध्ये फाटकावरचा पहारेकरी, झाडलोट करणारी बाई आणि पाण्याचा गाडा ओढणारा बैल होता. बैलाची हजेरी घ्यायचं कारण असं, की तो आला नाही तर सगळ्यांचंच काम अडे.

मिस्त्री रुजू झाले त्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. "यांचं नाव लिहून घ्या."

"कोणत्या यादीत?"

मालक जरा घोटाळले. हा गृहस्थ कारकून नव्हता, यंत्राला हात लावणार नव्हता, डाख द्यायला बसणार नव्हता. "वस्तू कशी असावी ते हे ठरवणार आहेत," मालक म्हणाले. "तसली यादी नाही का आपल्याकडे?"

तसली यादी नव्हती. मी त्यांचं नाव बैलाच्या खाली लिहिलं आणि आठ वर्षं ते तिथेच राहिलं. हे कळल्यावर त्यांना राग येईल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, "बरं झालं आठवण केलीत. त्याची मान पाहिलीत का? सोलवटली आहे. जू कुणी केलंय त्याचं?" दुसऱ्या दिवशी ते गाड्याचं जू सोडून तासत बसलेले दिसले. त्या दिवशी कारखान्याला पाणी दुपारी मिळालं. बैलाची मान मात्र महिन्याभरात भरून आली.

मिस्त्री हे त्यांचं आडनाव नव्हे. कामगारांनी ते त्यांना लावलं, कारण अवजार हातात धरणाऱ्या शहाण्या माणसाला हाक मारायला दुसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता. मुंबईच्या एका कलाशाळेत ते दोन वर्षं होते. तिथे कुंभाचं चित्र काढायला शिकवत. पण तो कुंभ कलता केला तर पाणी कुठून सांडेल असं त्यांनी विचारलं की मास्तर चिडत. म्हणून शाळा सोडली. त्यानंतर तीन ठिकाणच्या नोकऱ्या झाल्या. तिन्ही का सुटल्या, ते त्यांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं, पण गोष्ट एकच होती: साहेबाला न विचारता त्यांनी कशाची तरी मूठ बदलली होती.

त्यांच्या दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट असत. डाव्यात रबरी तळव्याचा, उजव्यात खिळ्यांचा. लोणावळ्याच्या चिखलात कोणता टिकतो ते पाहण्यासाठी. पाहुणा आला की त्याची नजर खाली जाई आणि तिथेच अडकून राही. बाजारात पोरं मागे लागत. मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. ते उलट पोरांनाच विचारत, "कुठला पाय जास्त वेळा घसरला रे?"

दुसरी खोड महागातली होती. नवा नमुना करून आणला आणि कुणी "वा, छान आहे!" म्हटलं, की ते तो नमुना परत नेत आणि मोडून टाकत. त्यांचं म्हणणं असं, की वस्तू चांगली असली तर माणूस तिच्याविषयी बोलत नाही, ती वापरायला लागतो. "सकाळी तांब्या उचलताना तुम्ही कधी म्हणालात का, वा, काय तांब्या आहे? पाणी प्यालात, खाली ठेवलात. तांब्या पास." या नियमामुळे पहिल्या वर्षी आमच्या मालकांनी भाबडेपणाने तारीफ करून चार चांगले नमुने बाद करवले. मी व्यवहारी माणूस. पाचवा नमुना त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा मी मान वर न करता त्याची कडी धरली, तो बाजूला सरकवला आणि लिहीत राहिलो. मिस्त्री इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला.

घरीही तोच प्रकार. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तर आमटीच्या पळीला दोरा गुंडाळलेला, पातेल्याच्या कानाला लाकडाची चकती बांधलेली आणि पाटाचा एक पाय कापलेला. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "जपून बसा हं भावजी. आमच्या घरात धड वस्तू एक नाही. सगळ्यांची परीक्षा चाललेली असते. निकाल अजून एकीचाही लागलेला नाही."

"लागलाय," मिस्त्री म्हणाले. "उलथनं नापास."

या सगळ्यात माझ्या वाट्याला आली ती शाडूची माती. मिस्त्रींच्या पिशवीत ओल्या फडक्यात बांधलेला मातीचा गोळा कायम असे. भेटेल त्याच्यापुढे ते तो धरत. "जरा मुठीत दाबा. कंदील धरता तसा." मुठीचा ठसा उठला की तो वाळवून, हजेरीबरोबर जे भांडार मी सांभाळत असे, तिथे आणून ठेवत. तिसऱ्या नंबरची फळी काचांची होती. ती हळूहळू मुठींनी भरली. प्रत्येक मुठीला चिठ्ठी, आणि चिठ्ठ्यांची यादी अर्थातच माझ्याकडे. नाव, गाव, हात डावा की उजवा, काम काय, आणि शेवटी एक रकाना 'खुणा' म्हणून. त्या रकान्याचा उपयोग काय, ते मला आधी समजलं नव्हतं.

आमचा कारखाना का चालत होता ते इथे सांगायला हवं. वलवणच्या धरणाचं पाणी डोंगर उतरून जाई, त्याची वीज होई आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरत. धरणाच्या भिंतीखालच्या घरांत मात्र रॉकेलची चिमणी जळे. डबीच्या झाकणाला भोक पाडून वात घातलेली, काच नाही, झाकण नाही. थोडक्यात, आमच्या दारावरून वीज मुंबईला जाई म्हणून आम्ही मावळात कंदील विकू शकत होतो. मालक मोठे स्वदेशीचे अभिमानी. जर्मन कंदिलासारखा हुबेहूब कंदील करायचा आणि टाकीवर सोंड वर केलेला हत्ती ठोकायचा, म्हणजे तो स्वदेशी झाला, असा त्यांचा हिशेब होता.

मिस्त्रींना नेमलं होतं ते तो हत्ती सुबक करण्यासाठी. हत्ती त्यांनी आठ दिवसांत करून दिला. मग विचारलं, "हा कंदील धरणार कोण?"

"लोक," मालक म्हणाले.

"कुठले?"

या प्रश्नाचं उत्तर मालकांना देता येईना, म्हणून मिस्त्री ते शोधायला बाहेर पडले. ऐन आषाढात, दोन पायांत दोन बूट घालून, ते कुरवंड्याच्या वाटेवर पहाटे जाऊन उभे राहायला लागले. त्या वाटेने बाया लोणावळ्याच्या बंगल्यांना आणि स्टेशनातल्या चहावाल्यांना दूध घालायला येत. डोक्यावरून पाठीवर पानांचं इरलं, एका हातात दुधाची बरणी, दुसऱ्यात चिमणी. धुक्यात हाताचं बोट दिसत नसे. त्यात असा एक अनोळखी माणूस मातीचा गोळा पुढे करून "मूठ दाबा" म्हणतो म्हटल्यावर बाया आल्या पावली पळाल्या. माती, मूठ, पहाटेची वेळ; करणीला आणखी काय लागतं?

पळाली नाही ती एकटी हौसाबाई. चाळिशीची असेल, काटकुळी, तोंडाची फटकळ. रविवारच्या बाजारात ती करवंदं-आळवंही विकायला बसायची, त्यामुळे मी तिला ओळखत होतो.

"करनी करनार व्हय माज्यावर?" तिने विचारलं.

"नाही मावशी. कंदिलाची कडी करणार."

"मंग घ्या. माज्या मुठीत घट्टं सोडून काय बी न्हाई."

तिने बरणी खाली ठेवून बाही सारली आणि गोळा दाबला. मिस्त्रींनी गोळ्याकडे पाहिलंच नाही. तिच्या हाताच्या आतल्या अंगाला मनगटापासून कोपरापर्यंत डाग होते. काही काळे, काही पांढरे पडलेले, एक ताजा.

"हे काय?"

"चिमनी. दुसरं काय? इरल्याखाली अंगासरशी धरावी लागती, न्हाई तर वाऱ्यानं इजती. इजली की वढा दिसत न्हाई. आता हात भाजू द्यावा का पाय मोडू द्यावा, तुमीच सांगा. गेल्या साली माज्या जावंचं तर इरलंच पेटलं."

"मग?"

"मंग काय? पाऊस व्हता की. इजलं."

मिस्त्री तसेच भिजत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ती यादी काढा." आधीच्या एकवीस मुठींमधल्या बायकांची नावं घेऊन ते परत फिरले आणि आठवड्याभरात 'खुणा'चा रकाना भरून आणला. रिकाम्या राहिलेल्या ओळी तीन. त्या तिन्ही, बंगल्यांवरच कामाला राहणाऱ्या आणि पहाटे वाट तुडवावी न लागणाऱ्या बायकांच्या होत्या.

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी एकच वस्तू केली. उंच जर्मन कंदील इरल्याखाली मावत नाही. वाकून चालताना तो गुडघ्यावर आपटतो, आणि तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काच तडकते. मिस्त्रींचा कंदील म्हणून बुटका होता. काचेवर पत्र्याची छत्री, आणि वरच्या कडीऐवजी बाजूला कान, पातेल्याला असतो तसा. एका हाताने काच उचलता येई, वात लावता येई, विझवता येई. त्याची मूठ हौसाबाईच्या मातीच्या गोळ्यावरून केली होती. मालकांनी तो पाहिला आणि तारीफ केली नाही. त्यामुळे नमुना वाचला.

"हा कंदील आहे की पानाचा डबा?" ते म्हणाले. "पुण्याच्या प्रदर्शनात हा ठेवला तर लोक तंबाखू मागतील."

पुण्याला हत्तीचा कंदील गेला. त्याला रुपेरी पदक मिळालं. पदक घ्यायला मिस्त्रींनाच जावं लागलं, कारण कागदोपत्री हत्ती त्यांचा होता. परत आल्यावर मी अभिनंदन केलं. त्यांनी पदक उलटं करून दाखवलं. "पिन पाहा. टोचते. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

पदकाच्या आनंदात मालकांनी बुटक्या कंदिलाचे थोडे नग काढायची परवानगी दिली. पहिला नग मिस्त्रींनी स्वतः कुरवंड्याला जाऊन हौसाबाईच्या हातात दिला. तिने धरला, उचलला, वात लावली, विझवली आणि काहीच बोलली नाही. मिस्त्री परतले ते जवळजवळ गात. "पास!" त्यांनी मला फाटकातूनच सांगितलं.

आठ दिवसांनी ती बाजारात दिसली. दंडाजवळ नवा डाग होता. मिस्त्रींनी विचारलं, "मावशी, कंदील मोडला का?"

"मोडंल कशाला? हाय की घरात. देवापाशी ठिवलाय. चिंधीत गुंडाळलाय, हळदकुंकू वाहिलंय."

"अहो, तो पावसात न्यायला केलाय!"

हौसाबाई त्यांच्याकडे, ज्या नजरेने ती त्यांच्या बुटांकडे बघायची, त्या नजरेने बघत राहिली. "मिस्त्री, तुमाला येड लागलंय का? येवडी चांगली वस्तू पावसात कोन नेतंय? खराब व्हईल."

सगळीकडे हेच. पाच घरांत पाच कंदील दिले होते, पाचही देव्हाऱ्यात. एका घरात तो गौरीपुढे मांडायला काढला होता म्हणे. राहिलेल्यांपैकी बरेच नग लोणावळ्यातल्या बंगलेवाल्यांनी नेले. व्हरांड्यात पत्ते खेळताना टेबलावर ठेवायला त्याची उंची अगदी बेताची होती, आणि पावसाचं पाणी चुकवायची छत्री डोळ्यांवर उजेड येऊ देत नसे. एका बाईसाहेबांनी तर चिठ्ठी पाठवून खास कौतुक कळवलं. मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली, आणि मला वाटलं आता ते लोणावळ्यातले सगळे बंगले मोडून टाकणार.

पुढचं जे घडलं त्यात माझा हात होता, पण अपघाताने. तिसऱ्या फळीवर मुठींची गर्दी झालेली. मी काचा खाली घेताना एक बुटका कंदील फळीवरून पडला. काच फुटली, आणि कानाच्या खाली टाकीच्या खांद्याला पोचा आला. मी दुसरी काच बसवली, आणि नग 'सदोष माल' या यादीत लिहिला. सदोष माल रविवारी फाटकावर कमी दरात निघे. तो हौसाबाईने नेला.

पुढच्या रविवारी मुसळधार पाऊस होता. मी आणि मिस्त्री फाटकात उभे होतो. धुक्यातून एक इरलं आलं, आणि त्याखाली उजेड. काजळलेला, चिखलाने माखलेला आमचा बुटका कंदील. दुसऱ्या हातात बरणी. ओढा उतरून, चढ चढून आलेली हौसाबाई.

"मावशी," मिस्त्री हळूच म्हणाले, "हा कसा आणला पावसात?"

"ह्यो व्हय? ह्यो पोचलेला हाय. ह्याला काय जातंय?"

मिस्त्री खाली वाकले. तिचा अंगठा बरोबर त्या पोच्यात बसला होता. दोन वर्षं मातीच्या मुठी गोळा करून जे त्यांना साधलं नव्हतं, ते फळीवरून पडून साधलं होतं: पकड घट्ट झाली होती, आणि वस्तू वापरण्याच्या लायकीची, म्हणजे पुरेशी वाईट, झाली होती.

त्यांनी तिला काही सांगितलं नाही. मला मात्र ओढतच भांडारात नेलं. "कुठून पडला?"

"तिसऱ्या फळीवरून."

"कसा? कुठल्या अंगावर?"

मला काय माहीत? मी काचा मोजत होतो. त्या दुपारी, दार आतून लावून, भांडार सांभाळायला नेमलेल्या मी माझ्या हाताने चांगले कंदील एकामागून एक तिसऱ्या फळीवरून खाली टाकले. मिस्त्री उकिडवे बसून पाहत होते. "जास्त झाला." "फार खाली." "अहो, ढकलू नका, पडू द्या." सातवा बरोबर पडला. त्यावरून त्यांनी ठशाचा साचा केला. पुढे प्रत्येक बुटक्या कंदिलाला, डाख देण्याआधी, पोचा पाडला जाऊ लागला. मुलामा काढून टाकला. पत्रा मुद्दाम निस्तेज ठेवला.

प्रश्न माझ्यापुढे होता. पोच्याचा माल चांगल्या यादीत लिहू कसा? मिस्त्री म्हणाले, "सदोषमध्ये लिहा. आणि फाटकावर विका. दुकानात ठेवलात तर परत देव्हाऱ्यात जाईल."

"पण सदोष नाही ना तो!"

"तुमच्या यादीत असेल. तिच्या हाताला विचारा."

माझ्या आयुष्यात मी जाणूनबुजून केलेली खोटी नोंद एवढीच. ती तीन पावसाळे चालली, आणि मिस्त्रींच्या यादीत तीन पावसाळे मी स्वतः रकाना भरला: 'नवे डाग – नाही.' एकदा 'एक, चुलीवर' असं लिहिलं. तेही मिस्त्रींनी जाऊन खात्री करून घेतलं.

शेवटी व्हायचं ते झालं. मालकांनी वर्षाचा गोषवारा मागवला आणि चष्मा काढून पुसला. सदोष माल चांगल्या मालाच्या दुप्पट होता. आम्हा दोघांना बोलावणं आलं. मिस्त्रींनी सगळं खरं सांगितलं. असली माणसं खरं सांगतात आणि मग शेजारच्याने उभं राहायचं कुठे, असा प्रश्न पडतो.

"माझ्या कारखान्यात स्वदेशी मालाला ठोकून पोचा पाडता?" मालकांनी गोषवारा टेबलावर आपटला. "लोक काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत. वापरतात."

मालक काही दुष्ट नव्हते. दोन दिवसांत त्यांनी मधला मार्ग काढला, आणि मधला मार्ग काढणारा माणूस किती नुकसान करू शकतो ते मी तेव्हा पाहिलं. पोचा राहू द्यायचा, पण उजळ माथ्याने. टाकीला मुलामा, पोच्याभोवती बारीक वेलबुट्टी, आणि बाजारात पत्र्याची पाटी: 'अंगठ्यासाठी खास खोलगट जागा असलेला सुधारित कंदील'.

मिस्त्री पाटीसमोर उभे राहिले. "गुण सांगितला," ते म्हणाले. "मेला."

त्या पावसाळ्यात पाचच्या पाच घरांतल्या बायांनी जुने, गळायला लागलेले कंदील टाकून हे सुधारित घेतले, आणि तेही देवापाशी ठेवले. यादीत हौसाबाईपुढे मी लिहिलं: 'नवे डाग – दोन'. तिच्या जावेपुढे 'तीन, एक मोठा'. मिस्त्रींनी यादी वाचली, घडी घालून परत दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन्ही पायांत एकाच तऱ्हेचे बूट होते. आठवडाभर तसेच होते.  पहारेकरी मला म्हणाला, "मिस्त्रींच्या घरात कुनी गेलं का?"

पाटी उतरली ती मिस्त्रींसाठी नव्हे. बायांनी एकेक घेतल्यावर पुढे कुणीच घेईना. देव्हाऱ्यात आणखी एक कंदील कोण ठेवतो? मालकांनी वेलबुट्टीचा साचा मोडीत काढला, मला बोलावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमचा तो सदोष माल... होऊ द्या पूर्वीसारखा. मला सांगू नका." त्यांच्या छापील मालपत्रकात तो कंदील कधीच आला नाही. मुखपृष्ठावर हत्ती होता.

लढाई सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी मिस्त्रींना मुंबईच्या एका कंपनीने रेडिओच्या पेट्या करायला बोलावलं. निरोपाच्या वेळी मानपत्र द्यायचं ठरलं. मालकांनी मला त्यांच्या कामाची यादी करायला सांगितली. मी रात्रंदिवस याद्या करणारा माणूस, पण कागदावर दोनच गोष्टी आल्या: हत्ती, एक. पोचा, एक. दुसरी ओळ मालकांनी खोडली. मानपत्र हत्तीबद्दल झालं. मिस्त्रींनी ते गुंडाळून नळी केली, हातात धरून पाहिली, आणि म्हणाले, "जाड आहे जरा."

जाताना त्यांनी मला मुठींची यादी दिली. "दर पावसाळ्यानंतर तेवढा रकाना भरून पाठवत जा."

मी पाठवत गेलो. उत्तर एकदाच आलं, कार्डावर: 'रेडिओचं बटण करतो आहे. सगळे छान म्हणतात. काळजी वाटते.' दरम्यान पुण्याकडच्या दोन कारखान्यांचे बुटके कंदील बाजारात आले. दोन्हींना कानाखाली पोचा होता. आमच्याकडे नव्याने आलेला पदवीधर तपासनीस ते पाहून म्हणाला, "त्यांचे साचेही आपल्यासारखेच खराब दिसतात." मी मान हलवली.

मग मिस्त्री गेल्याचं वहिनींचं कार्ड आलं. छातीचं दुखणं होतं, चार महिने पुरलं. शेवटी लिहिलं होतं: 'परवापर्यंत औषधाच्या चमच्याचा दांडा वाकवून घेत होते. वाकवलेला बरा होता, ते खरं.'

ते कार्ड खिशात घेऊन मी रविवारी बाजारात गेलो. हौसाबाई आता पन्नाशीकडे आली होती. शेजारी टोपली, टोपलीला टेकवलेला कंदील; काजळी, चिखल, पोचा. मी सवयीने आधी तिचा हात पाहिला. जुने डाग पांढरे पडले होते. नवा एकही नव्हता.

"भाऊ, मिस्त्री कुटं असत्यात आता? लय दिस झालं, इचारलं बी न्हाई कुनी."

मी सांगितलं.  ती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "येडा व्हता. पर हाताकडं बघून बोलायचा. तोंडाकडं समदीच बघत्यात." तिने कंदील जवळ ओढला, त्या पोच्यात अंगठा घातला, तसाच ठेवला. "ह्यो बी तुमच्याच कारखान्यातला. त्येंच्या हातचा हाय का वो?"

तिला सांगावं असं मला फार वाटलं. की तो पोचा तुझ्यासाठीच पाडलाय. की तुझ्या मुठीचा मातीचा गोळा अजून माझ्या तिसऱ्या फळीवर आहे. की त्या माणसाने जन्मात केलेली एकमेव पास वस्तू तुझ्या अंगठ्याखाली आहे. सांगितलं असतं तर तिने तो तिथल्या तिथे पुसला असता, घरी नेऊन चिंधीत गुंडाळला असता, वर हळदकुंकू वाहिलं असतं, आणि उद्या पहाटे चिमणी घेऊन ओढ्यावर आली असती.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "मिस्त्रींचा चांगला तो तुमच्या देवापाशी आहे. हा आपला सदोष माल. न्या खुशाल पावसात."

"तरीच," ती म्हणाली, आणि उठताना त्याच्यावर टोपली टेकवली.